मदत हवी आहे: २००९ साली दुबईहून परतलेल्यांच्या आठवणी

नमस्कार मंडळी. आमचं गाव खेड तालुक्यात. सप्टेंबर २००८ मध्ये तिकडे अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही मोठी बँक बुडाली आणि झळ थेट आमच्या वाडीला लागली. दुबईतली बांधकामं थांबली, बाबा मार्च २००९ मध्ये सामान बांधून घरी आले. चिरेबंदी घराचं काम जोत्यावरच राहिलं. त्या पावसात जोत्यावर धरलेलं शेवाळ मला आजही दिसतं. डिसेंबर २००९ मध्ये शेजारच्या अबू धाबीने कर्जात अडकलेल्या दुबईला १० अब्ज डॉलर दिले, पण बाबांना बोलावणं आलं ते २०११ मध्ये.

दापोली, मंडणगड, गुहागरकडेही असंच झालं का? तुमच्याकडचे परत कधी गेले, की इथेच आंब्यात, मासळीत राहिले? तेव्हाची पत्रं, पासबुकं कुणी जपली असतील तर कृपया कळवा. बाबा आता थकलेत, त्यांच्याजवळ बसून हे सगळं लिहून काढायचंय.