सीटी स्कॅन नॉर्मल म्हणजे सगळं ठीक?

एकांनी लिहिलंय की इराकमध्ये स्फोटाने मेंदूला सौम्य इजा होऊन परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा सीटी स्कॅन नॉर्मल येतो, म्हणजे उरलेला त्रास मनाचाच. हे मला अजिबात पटत नाही. मेंदूच्या सौम्य इजेच्या व्याख्येतच स्कॅन नॉर्मल असणं गृहीत धरलेलं असतं. बेशुद्धी अर्ध्या तासाच्या आत, विस्मरण एका दिवसाच्या आत. म्हणूनच तपासणीत पाच शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारतात, महिने उलट्या क्रमाने म्हणायला लावतात. डिसेंबर, नोव्हेंबर म्हणून माणूस अडकला, की काहीतरी बिनसलंय हे समोरच दिसतं.

जानेवारी २०२०मध्ये इराणने इराकमधल्या अल असद तळावर, जिथे अमेरिकी सैनिक होते, क्षेपणास्त्रं डागली तेव्हा सुरुवातीला कुणालाच इजा नाही असं जाहीर झालं. पुढे शंभराहून अधिक सैनिकांना मेंदूची इजा झाल्याचं निदान झालं. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प मात्र ‘डोकेदुखी’ म्हणून मोकळे झाले, याचा मला आजही राग येतो.

मनाचा भाग आहेच, तो नाकारत नाही. इराकहून परतलेल्या सैनिकांवरच्या २००८च्या अभ्यासात इजेने बेशुद्ध पडलेल्यांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना पीटीएसडीची, म्हणजे भीषण अनुभवानंतर मनावर राहणाऱ्या आघाताची, लक्षणं होती. पीटीएसडी आणि नैराश्य बाजूला काढल्यावर इजेशी ठळकपणे जोडलेली उरली ती डोकेदुखी. म्हणजे झोपेच्या तक्रारी, डोकेदुखी आणि पीटीएसडी, तिन्हींवर एकत्र उपचार हवेत. बहुतेक जण बरे होतात, हे घरच्यांना पहिल्याच भेटीत सांगायला हवं. आणि पहिली इजा भरायच्या आत दुसरा धक्का बसू देऊ नये. अमेरिकी लष्कराने २०१०पासून स्फोटाच्या ५० मीटरच्या आत असलेल्याला तपासणी आणि २४ तास विश्रांती सक्तीची केली, ती याचसाठी.