दुसरे महायुद्ध नेमके कोणत्या तारखेला संपले?

वास्कोकर
शाळेच्या भित्तिपत्रकात "महायुद्धाचा शेवट" अशी चौकट करायची आहे. एका पुस्तकात 8 मे 1945, दुसऱ्यात 9 मे, कुठे 15 ऑगस्ट तर कुठे 2 सप्टेंबर. कोणती छापू? आणि "अणुबॉम्ब पडला, जपान शरण आला" एवढ्यावर भागेल का? गोव्यातल्या मुरगाव बंदराचा काही धागा मिळाला तर मुले थांबून वाचतील.

साखळीचा वाचक
मे महिन्याचा घोळ आधी सोडवू. जर्मनीने शरणागतीवर सही दोनदा केली. पहिली फ्रान्समधल्या रीम्समध्ये, एका शाळेच्या इमारतीत, 7 मेच्या पहाटे 2.41 ला, जर्मन सेनापती योडलची. तोफा थांबवायची वेळ मात्र 8 मेच्या रात्री 11.01 ठेवली. हिटलरनंतर जर्मनीचा प्रमुख झालेल्या डोनिट्झला तेवढा अवधीच हवा होता, कारण पूर्वेकडचे सैन्य रशियनांच्या हाती न लागता पश्चिमेला सरकवायचे होते. त्याला खरे तर फक्त पश्चिमेपुरतेच शरण जायचे होते. सगळ्या आघाड्यांवर एकदम सही झाली नाही तर आमची फळी बंद करू, कोणाला आत घेणार नाही, असे पश्चिमेकडच्या दोस्त फौजांचा प्रमुख आयझेनहॉवर याने बजावले तेव्हा तो नमला.

मॉस्कोला हा कागद मान्य नव्हता. सोव्हिएत बाजूने सेनाधिकारी सुस्लोपारोवने सही केली, पण त्याला वरून तशी परवानगी मिळालेली नव्हती. म्हणून बर्लिनच्या कार्ल्सहोर्स्ट भागात जर्मन सैन्याचा प्रमुख कायटल आणि इतरांच्या पुन्हा सह्या घेतल्या. कागदावर तारीख 8 मे. पण 11.01 वाजले तेव्हा मॉस्कोत 9 मे लागला होता, म्हणून रशियाचा विजयदिन एक दिवस पुढे. दोन्ही तारखा बरोबर आहेत, आणि दोन्ही फक्त युरोपपुरत्या.

तिसवाडी
जपानचे एका ओळीत भागणार नाही. 6 ऑगस्टला हिरोशिमा, 8 ला सोव्हिएत युनियनची युद्धघोषणा, 9 ला जपानच्या ताब्यातल्या मांचुरियात रशियन फौजा आणि त्याच दिवशी नागासाकी. एवढे होऊनही टोकियोतल्या सहा जणांच्या सर्वोच्च युद्धमंडळात तीन विरुद्ध तीन. सम्राटपद राहावे एवढी एकच अट घाला, असे परराष्ट्रमंत्री तोगो, पंतप्रधान सुझुकी आणि नौदलमंत्री योनाई यांचे म्हणणे. युद्धमंत्री अनामी आणि लष्कर व नौदलाचे प्रमुख उमेझु आणि तोयोदा यांना आणखी तीन हव्या होत्या: निःशस्त्रीकरण आमचे आम्ही करू, युद्धगुन्ह्यांचे खटले आम्ही चालवू, देशावर ताबा नको. मंत्रिमंडळाचा निर्णय एकमतानेच व्हायचा, त्यामुळे गाडे तिथेच अडले. शेवटी 9-10 च्या रात्री सम्राटाकडून कौल घेतला.

10 तारखेचा शरणागतीचा निरोप स्वित्झर्लंड आणि स्वीडनमार्फत गेला. अमेरिकेच्या उत्तरात सम्राटाचा अधिकार दोस्तांच्या सरसेनापतीच्या अधीन राहील असे होते. जपानी परराष्ट्र खात्याने त्या "अधीन" शब्दाचे भाषांतर मुद्दाम सौम्य केले, "मर्यादेखाली" अशा अर्थाचे. लष्कराने कडक केले. एका शब्दावर आणखी तीन दिवस गेले! 14 ला सम्राटाने पुन्हा निर्णय दिला आणि रात्री भाषणाची ध्वनिमुद्रिका झाली. ती पळवायला काही तरुण अधिकारी राजवाड्यात घुसले, पण त्यांना ती सापडली नाही. 15 ला दुपारी 12 वाजता भाषण वाजले. भाषा इतकी दरबारी, आणि "शरणागती" हा शब्दच नाही. निवेदकाला नंतर अर्थ सांगावा लागला.

वास्कोकर
म्हणजे 15 ला नुसती घोषणा, आणि कागद 2 सप्टेंबरचा?

तिसवाडी
तसेच. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी सांगितले तेव्हा वॉशिंग्टनमध्ये 14 ची संध्याकाळ होती, म्हणून काही पुस्तकांत 14 ही दिसेल. सह्या 2 सप्टेंबरला, टोकियोच्या उपसागरात मिझूरी युद्धनौकेवर. चौकटीत मोठी तारीख हीच घाला.

फोंडेकर
वास्कोकरबाब, मुरगावचे जपून लिहा. पोर्तुगाल तटस्थ होता, म्हणून गोव्यात कोणी कोणाला शरण आले नाही. 9 मार्च 1943 च्या रात्री ब्रिटिशांनी मुरगावात उभ्या एरेनफेल्स या जर्मन जहाजावर हल्ला केला आणि जर्मन खलाशांनी आपली जहाजे स्वतःच बुडवली. ही गोष्ट सगळ्यांना आवडते, पण युद्धाच्या शेवटाशी तिचे काही नाते नाही. ऑक्टोबर 1943 ची नागरिकांची अदलाबदल घ्या. जपानी तेया मारू आणि स्वीडनचे ग्रिप्सहोम ही जहाजे मुरगावला लागली, आणि जपानी व अमेरिकी नागरिकांनी जहाजे बदलली. शत्रूंचे एकमेकांकडे राजदूत नसतात, मध्ये तटस्थ जागा लागते. 1945 चा जपानचा निरोप तटस्थ देशांमधून गेला तो याच कारणाने. धागा इथे जुळतो.

कायद्याने युद्ध संपायला पुढे बराच वेळ लागला. जपानशी झालेला सॅन फ्रान्सिस्कोचा तह 28 एप्रिल 1952 ला लागू झाला. भारत त्या परिषदेला गेला नाही, त्याने 9 जून 1952 ला जपानशी वेगळा तह केला.

साखळीचा वाचक
मिझूरीवरच्या कागदाचे चित्र लावणार असाल तर जपानकडची प्रत शोधा. कॅनडाच्या कॉसग्रेव्हने चुकून एक ओळ खाली, फ्रान्सच्या जागी सही केली. मग फ्रान्स नेदरलँड्सच्या जागी, नेदरलँड्स न्यूझीलंडच्या, आणि न्यूझीलंडच्या इसिटला ओळच उरली नाही. अमेरिकी सेनाधिकारी सदरलँडने देशांची नावे खोडून हाताने दुरुस्त करून दिली. मुलांना खाडाखोडीची ती प्रतच जास्त आवडेल.

वास्कोकर
देव बरे करो. 2 सप्टेंबर मोठ्या अक्षरात, बाकीच्या खाली बारीक.