प्रोपेन बदलून की भरून?
आरव्हीने, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीने, फिरताना प्रोपेन गॅसचा सिलिंडर संपला की तो बदलून घ्यावा की भरून, हा प्रश्न पडतोच. अमेरिकेत शक्यतो भरूनच घ्या. बदलून मिळणाऱ्या 20 पौंडी सिलिंडरमध्ये बहुधा 15 पौंडच गॅस असतो. आरव्हीची पक्की बसवलेली टाकी तर गॅस भरण्याच्या जागेवरचा माणूसच भरून देतो. त्याआधी गॅसवर चालणारे फ्रिज, गीझर बंद करून सगळ्यांनी खाली उतरायचं. आम्ही लेकीला झोपेतून उठवून उतरवलं होतं. यात हयगय नकोच. टाकी 80 टक्क्यांवर थांबवतात, ती फसवणूक नव्हे. उन्हात द्रवरूप गॅस फुगतो, त्याला जागा लागते.

पेट्रोलचं म्हणाल तर अॅरिझोनातून कॅलिफोर्नियात शिरण्याआधी किंगमनलाच टाकी फुल करा. पुढे नीडल्सला भाव चांगलाच चढतो, आणि गॅलनला 8-10 मैल देणाऱ्या गाडीत तो फार झोंबतो.