वेगाचं चलन आलं आणि तुम्ही ते मान्य केलं नाहीत? नाशिककरांनो, अनुभव लिहा

घोटीच्या टोलनाक्यावर, पिंपळगावला किंवा सिन्नरकडे, चार गाडीवाले चहाला थांबले की वेगाच्या चलनाचा विषय निघतोच. बहुतेक जण दोन शिव्या हासडतात आणि पैसे भरून मोकळे होतात. ज्यांनी भरण्याआधी भांडून पाहिलं, त्यांच्यासाठी हा धागा. जिंकलात की हरलात ते राहू द्या; काय मागितलंत आणि समोरून काय मिळालं, ते लिहा. 'मी तर हळूच होतो' एवढंच सांगायचं असेल तर थांबा, ते आम्ही सगळेच म्हणतो.

इंदिरानगरकर
मुंबईहून येताना कारवर दोन हजारांचं चलन. ॲपवर फोटो उघडला तर माझ्या शेजारच्या लेनमध्ये एक कंटेनर, जवळजवळ बरोबरीने. मोजला तो वेग नक्की कोणाचा? ॲपवरच तक्रार टाकली, एका ओळीत फेटाळली गेली. म्हटलं, जाऊ कोर्टात. ओळखीच्या वकिलांनी पहिल्याच भेटीत माझं भाषण बंद केलं. म्हणाले, "तुमचा वेग विसरा, यंत्राबद्दल बोला." मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मध्येच आहे, की एकट्या साक्षीदाराच्या अंदाजावर वेगाबद्दल शिक्षा होत नाही, तो अंदाज यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणावर आधारलेला हवा. म्हणजे सगळा खटला त्या उपकरणावर उभा. केंद्रीय नियमांत २०२१ साली १६७अ हा नियम आला. त्यानुसार उपकरणाला मान्यता प्रमाणपत्र लागतं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण व्हावं लागतं. आम्ही ते मागितलं. पुढच्या तारखेला प्रमाणपत्र हजर, मुदतीतलं. मोजमाप लेसरचं आणि खूण माझ्याच नंबरप्लेटवर. भरले दोन हजार. वकिलांची फी वेगळी, ती विचारू नका.

मोजपट्टी (अंबड)
मोजमापाच्या उपकरणांचं कॅलिब्रेशन हेच माझं पोटापाण्याचं काम, म्हणून जरा लांबण लावतो. वेग थेट कोणी मोजत नाही. लेसर गन काय किंवा दोन कॅमेऱ्यांमधली सरासरी काय, शेवटी अंतर भागिले वेळ. रडारचं तत्त्व वेगळं, आणि त्याचा झोत रुंद असल्यामुळे शेजारच्या मोठ्या गाडीचा प्रश्न तिथे जास्त रास्त असतो. लेसरचा ठिपका बारीक, म्हणून इंदिरानगरकरांचा कंटेनर उपयोगी पडला नाही.

आता वेळेचं बघा. रस्त्यावर शंभर मीटरच्या दोन खुणा करून कोणी हाताने घड्याळ दाबत असेल, तर ताशी ६० ने जाणारी गाडी ते अंतर ६ सेकंदांत कापते. दुसऱ्या खुणेला बोट अर्धा सेकंद आधी पडलं की तीच गाडी पासष्टच्या वर दिसते. पण दोन कॅमेरे दहा किलोमीटरवर असतील, तर ताशी १०० च्या गाडीला ६ मिनिटं लागतात. तिथे अर्ध्या सेकंदाच्या चुकीने ताशी पाव किलोमीटरचाही फरक पडत नाही. सरासरी वेगाच्या चलनाला 'घड्याळ चुकलं असेल' म्हणून आव्हान द्यायचं, तर दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं एकमेकांशी जुळलेली होती का आणि मधलं अंतर कोणी मोजलं, हे विचारा. आणि 'गन तिरकी धरली होती' हे कोर्टात म्हणू नका. उभ्या गनने तिरक्या कोनातून मोजलं तर वेग खऱ्यापेक्षा कमीच दिसतो. तुमचाच फायदा झालेला असतो!

रडारवाल्यांसाठी आणखी एक: १ जुलै २०२५ पासून वेग मोजणाऱ्या रडार उपकरणांना वैधमापनाची पडताळणी आणि शिक्का लागतो. किराणा दुकानाच्या काट्याला लागतो तसाच.

सातपूरचा सारथी
माझं लवकर आटपलं. चलन पुण्याच्या बाजूचं आणि त्याच सुमारास माझी गाडी पिंपळगावच्या टोलवर. फास्टॅगचा उतारा जोडला, फोटोतली गाडी वेगळ्या रंगाची हेही दाखवलं. रद्द. नंबर कोण वापरतंय याची पोलिसांत वेगळी तक्रार दिली आहे.

निफाडचा पिकअप
सीझनला द्राक्षं घेऊन रात्री वाशीला जातो. शेठचा मेसेज असतो, 'चारच्या आत मार्केटला लाग.' चलन गाडीच्या नावावर, कापलं माझ्या पगारातून. कोर्टापाशी एका वकीलसाहेबांनी फुकट सांगितलं, की याच कलम १८३ मध्ये पुढे अजून आहे: अमुक वेळेत पोहोच असा हुकूम दिला आणि वेगमर्यादा पाळून ते कोर्टाला शक्य वाटलं नाही, तर तो हुकूम देणाऱ्याविरुद्धच प्रथमदर्शनी पुरावा धरतात. मी कोर्टात गेलो नाही. शेठला कलम वाचून दाखवलं आणि त्याचाच मेसेज समोर धरला. कापलेले पैसे परत आले. आता मेसेज येत नाही, फोन येतो.

नाशिकरोड लोकल
लोकअदालतीत मिटवलं म्हणणाऱ्यांनो, ते आव्हान नव्हे, तडजोड आहे. तिथे यंत्राचं प्रमाणपत्र कोणी काढत बसत नाही आणि निवाड्यावर अपीलही नाही. चलनं साठली असतील तर जरूर जा, मीही गेलो. पण 'मी निर्दोष सुटलो' असं घरी सांगू नका.

गोदाकाठची स्कूटर
कंटाळा आला होता भरायचा, पण मोजपट्टीदादांचं वाचून थांबले. १६७अ मध्येच आहे, की कॅमेऱ्याच्या पट्ट्याआधी ठळक सूचनाफलक हवा. आमच्या रस्त्यावर फलक आहे, त्याच्यावर कोणा दादांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स बांधलेला. फोटो काढून तक्रारीला जोडला आहे.

मोजपट्टी (अंबड)
ताई, फोटो चलनाच्या तारखेच्या जवळचा आहे ना? मूळ फाइल जपून ठेवा, व्हॉट्सॲपवरून फिरवलेली नको, तिच्यातली तारीख-वेळ निघून जाते.

गोदाकाठची स्कूटर
दुसऱ्या दिवशीचाच आहे, मूळ फाइल फोनमध्ये आहे. फ्लेक्सवर वाढदिवसाची तारीखही छापलेली आहे, चलनाच्या आदल्या आठवड्यातली.