टीबी शोधायला ऊसतोडीला निघायच्या आधी सगळ्यांचाच छातीचा एक्सरे काढावा का?

माजलगावकर: माझं मत, काढावाच. दसरा झाला की टोळ्या कारखान्याला निघतात, त्याच्या आधी गावात ते हातात धरायचं एक्सरे मशीन आणा अन मोठ्या माणसांचे सगळ्यांचे फोटो काढा, खोकला असो नसो. आता काय होतं, दोन आठवडे खोकला आहे का विचारतात, नाही म्हणलं की पुढचं घर. अन तो नाहीच म्हणणार, मुकादमाची उचल घेतलेली, कोयता बंद पडला तर फेडायची कशी? २०१९-२१ ला देशभर टीबीचा सर्वे झाला, त्यात एक्सरे नसता तर ४२.६ टक्के पेशंट हातचे सुटले असते.

लॅबवाला लातूर: सर्वे बरोबर आहे भाऊ, पण एक्सरेवर दिसतो तो डाग. तो जुन्या टीबीचा व्रण असतो, न्यूमोनिया असतो, एक्सरे वाचणारं एआय बी नुसता संशयाचा आकडा देतं. डाग बघून सहा महिन्याच्या गोळ्या सुरू करणारे लई आहेत. जंतू सापडला पाहिजे. मायक्रोस्कोपखाली तर मिलीलिटरला ५-१० हजार जंतू असले तरच दिसतात, अन दिसलेला जंतू टीबीचाच असंल असं बी नाही, त्याच्या जातभाईंचं इन्फेक्शन असतं अन औषधं वेगळी लागतात. म्हणून पैसा ट्रूनॅटच्या, म्हणजे बेडक्यातला टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणाऱ्या छोट्या मशीनच्या, चिपांवर घाला. बॅटरीवर चालतं, रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडंल का तेबी कळतं.

माजलगावकर: एक्सरेवर गोळ्या द्या असं मी म्हणलोच नाही. ज्याला डाग त्याचा बेडका ट्रूनॅटला. अख्ख्या गावाला चिपा कुठून आणता?

आशा, केज: तुम्ही दोघं मशीनचंच बोलायलात. डबी दिली की नुसती थुंकी भरून देतात, खोल खोकून बेडका काढायला कुणीतरी जवळ बसून सांगावं लागतं. लेकरं तर गिळूनच टाकतात, त्यांची शौचातून तपासणी होते ते आईबापाला माहीतच नसतं. अन रिपोर्ट येईस्तोवर टोळी गेलेली असती, मग फोन लागत नाही. निक्षयवर, म्हणजे टीबी पेशंटच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, नाव असलं तर तिकडच्या दवाखान्यात गोळ्या मिळतात, पण आधी निदान इथं व्हायला पाहिजे ना.

लॅबवाला लातूर: ताई, म्हणून तर मशीनच शिबिरात न्या म्हणायलो, तासाभरात टीबी आहे का कळतं. अन एक्सरे चांगला आला म्हणून खोकणाऱ्याला परत पाठवू नका, एचआयव्ही असलेल्याचा फोटो टीबी असून साफ येऊ शकतो.

माजलगावकर: खोकणाऱ्याचा बेडका कसाबी घ्या, मान्य. पण न खोकणाऱ्याचा एक्सरे मी सोडायला तयार नाही.