डेली चेसचे डाव आवरेनासे झालेत, कमी कसे करायचे?

वऱ्हाडी_वजीर:
नमस्कार मंडळी. चेस.कॉमवर डेली खेळतो, एका चालीला तीन दिवसवाले डाव, थोडे लिचेसवर पण चालू आहेत. आमच्या नागपूरची दिव्या देशमुख २०२५ च्या जुलैत महिला वर्ल्ड कप जिंकली तेव्हा ऑफिसात सगळ्यांनाच चेसचं भरतं आलं, तिथून हे लागलं. आधी चार-पाच डाव होते, मग दोन टुर्नामेंटना नाव घातलं, मग क्लबच्या मॅचेस आल्या आणि आता चाळीसच्या वर गेलेत. सकाळी चहासोबत दहा-बारा चाली उरकतो, मेट्रोत परत तेवढ्याच, रात्री बघतो तर पुन्हा सगळे डाव माझ्याच चालीवर येऊन बसलेले. बायको रोज म्हणते अहो पट मिटा आणि ताट घ्या.

सुरुवातीला एवढे डाव जड जात नव्हते हो, आता एकेका चालीला पंधरा मिनिटं जातात. सगळे एकदम रिझाइन करून मोकळं व्हावं का? की व्हेकेशन (सुट्टी) लावू?

तिरका_उंट:
सुरुवातीला जड जात नव्हते कारण तेव्हा सगळे ओपनिंगमध्ये होते. पहिल्या आठ-दहा चाली पाठ असतात, डेलीत ओपनिंग एक्सप्लोरर (सुरुवातीच्या चालींचा साठा) बघायलाही परवानगी आहे, त्यामुळे एक चाल वीस सेकंदात होते आणि माणसाला वाटतं अरे अजून दहा सहज झेपतील. टुर्नामेंटचं गणित बघा ना, सहा जणांचा ग्रुप असेल आणि प्रत्येकाशी दोन डाव, एक पांढऱ्याने एक काळ्याने, तर एकाच दिवशी दहा डाव सुरू होतात. मग ते दहाच्या दहा साधारण एकाच सुमारास मिडलगेममध्ये येतात. तुमचे दोन्ही ग्रुप आत्ता तिथेच अडकलेत. म्हणून नवीन डाव घ्यायचा की नाही हे एकूण आकड्यावर ठरवू नका, डोकं लागणारे किती आहेत ते मोजा.

सरसकट रिझाइन नको. जिंकत आलेले डाव टुर्नामेंटमध्ये सोडलेत तर समोरच्याला फुकट पॉइंट मिळतो आणि ग्रुपमधल्या बाकीच्यांवर अन्याय होतो, त्यांनी तुमच्याशी नीट खेळून पॉइंट घालवलेले असतात. त्यापेक्षा वर्गवारी करा. आख्खा हत्ती खाली आहात आणि बदल्यात काही नाही, असे डाव आजच सोडा. बरोबरीचे वाटतात तिथे ड्रॉ विचारा, लोक घेतात. बाकीचे खेळा.

व्हेकेशनने घड्याळ थांबतं, डाव कमी होत नाहीत. आणि काही टुर्नामेंट नो-व्हेकेशन असतात, तिथे घड्याळ चालूच राहतं. लिचेसवर तर व्हेकेशनच नाही. घड्याळ पडू (चालीची वेळ संपू) मात्र देऊ नका, टाइमआउटची टक्केवारी प्रोफाइलवर दिसते आणि बऱ्याच टुर्नामेंट त्यावरून प्रवेश नाकारतात.

पुणेरी_प्यादं:
मी तर म्हणतो नोटिफिकेशन बंद करा, निम्मा ताप तिथेच जातो. तुम्ही लगेच चाल करता म्हणून समोरचाही लगेच करतो, म्हणून दिवसातून तीनदा तोच डाव परत येतो. तीन दिवस दिलेत ना, वापरा की.

तिरका_उंट:
@पुणेरी_प्यादं अर्धं पटलं. दोघांनीही पूर्ण तीन दिवस वापरले तर ४० चालींचा डाव २४० दिवस, म्हणजे आठ महिने चालतो, आणि ग्रुपमधला शेवटचा डाव संपेपर्यंत पुढचा राउंड लागत नाही. सगळे मिळून शिव्या घालतात मग. दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी बसायचं, एवढं पुरे.

काळी_गोटी:
चेसवाल्यांनो तुमचं बरंय, ४० चालीत सुटता. मी ओजीएसवर (ऑनलाइन गो सर्व्हर) गो, म्हणजे काळ्या-पांढऱ्या दगडांचा पटावरचा खेळ, खेळते, १९ बाय १९ चा डाव दोघांचे मिळून दोनशेच्या वर दगड सहज घेतो. तिथे शनिवार-रविवार घड्याळ थांबवायची सोय आहे, मी तसलेच डाव घेते.

बोर्ड गेम अरीनावर (बोर्ड गेम्सची ऑनलाइन साइट) असाल तर ते डाव आधी संपवा बरं का दादा. चेसमध्ये तुमच्यासाठी एकच जण खोळंबतो, तिथे चौघांच्या टेबलावर तुम्ही अडलात की तिघं ताटकळतात.

आणि नोट्स लिहा. एवढे डाव असले की खरा वेळ चाल शोधण्यात जात नाही, 'मी इथे काय करत होतो' हे आठवण्यात जातो. मी मध्यंतरी चेस खेळायचे तेव्हा डावाच्या नोट्समध्ये असलं काहीतरी असायचं: 'घोडा एफ५ ला न्यायचा, काळ्या घरातल्या उंटाची अदलाबदल नको, त्याने जी६ केलं तर एच४.' दुसऱ्या दिवशी दोन मिनिटात काम होतं.

पुणेरी_प्यादं:
आणि कंटाळून इंजिन (चाली सुचवणारं सॉफ्टवेअर) उघडू नका म्हणजे झालं 😄 दमलेला माणूस पहिलं तेच करतो आणि मग अकाउंट जातं. इंजिन चालतं ते आयसीसीएफ या जागतिक संघटनेच्या पत्रबुद्धिबळात, तिथे नियमातच बसतं, पण तो वेगळाच खेळ झाला.

वऱ्हाडी_वजीर:
सगळ्यांचे आभार. काल रात्री बसून चाळणी लावली, हरलेले सोडले, सात-आठ ठिकाणी ड्रॉ विचारला, बऱ्याच जणांनी घेतला पण (त्यांचंही तेच रडगाणं असणार). क्लबच्या कॅप्टनला सांगितलं पुढची मॅच नको.

एक जण मात्र ड्रॉ घेत नाहीये. हत्ती आणि प्यादं विरुद्ध माझा नुसता हत्ती, माझा राजा प्याद्याच्या समोर आहे. हा किती दिवस चालवणार?

तिरका_उंट:
खुशाल चालवू द्या. पन्नास चालींचा नियम (तेवढ्यात प्यादं हललं नाही, मारामारी झाली नाही तर ड्रॉ) धरला तरी ३०० दिवस ओढू शकतो, आणि प्यादं एक घर हललं की मोजणी पहिल्यापासून 😂 ही फिलिडोरची पोझिशन असणार, हत्ती-प्याद्याविरुद्ध ड्रॉ राखायचा ठरलेला बचाव. हत्ती तुमच्या बाजूने तिसऱ्या ओळीवर ठेवा, म्हणजे त्याचा राजा पुढे येत नाही, आणि तिथेच इकडून तिकडे फिरवत रहा. प्यादं त्या ओळीवर आलं रे आलं की हत्ती थेट पार त्याच्या बाजूच्या तळाच्या ओळीला न्यायचा आणि मागून शह द्यायचे, राजाला लपायला जागा उरत नाही.

आणि हे दर वेळी हाताने करू नका, कंडिशनल मूव्ह लावा. त्याने हत्ती हलवला तर माझा हत्ती इकडे, प्यादं हललं तर तिकडे, पाच-सहा फांद्या भरून ठेवायच्या. लिचेसवर हेच करायचं असेल तर चालू डावातून अ‍ॅनालिसिस बोर्ड उघडा, तिथे कंडिशनल प्रीमूव्ह मिळेल.

काळी_गोटी:
तो गडी फिलिडोर माहीत नाही म्हणून खेळतोय की तुमचं घड्याळ पडायची वाट बघतोय? टाइमआउट किती टक्के आहे त्याचं, बघा जरा.

वऱ्हाडी_वजीर:
बघितलं, शून्य आहे. आणि चालू डाव माझ्यापेक्षा दुप्पट 😳