इंग्रजीत क्रियापदानंतर 'टू' की 'आयएनजी'? ठरवायचं कसं?

प्रश्न

'आय एन्जॉय टू रीड' चूक, 'आय वॉन्ट रीडिंग' हेही चूक, पण 'आय लाइक टू रीड' आणि 'आय लाइक रीडिंग' दोन्ही बरोबर. मराठीत तिन्हींना वाचायला, वाचायचं, वाचणं असं काहीही चालून जातं. इन्फिनिटिव्ह ('टू रीड'सारखं रूप) कुठे आणि जेरंड ('रीडिंग'सारखं आयएनजी रूप) कुठे, हे यादी पाठ न करता ओळखता येतं का? लेखी परीक्षेत रिकाम्या जागा भरताना नेमकं आधी काय बघायचं?

उत्तर १

आधी रिकाम्या जागेच्या लगेच मागचा शब्द बघा. तिथे प्रेपोझिशन असेल (इन, ऑन, ऑफ, अॅट, फॉर, विदाउट, बिफोर, आफ्टर) तर डोळे मिटून आयएनजी. 'सक्सीड इन पासिंग', 'इन्सिस्ट ऑन पेइंग', 'गुड अॅट ड्रॉइंग'. याला अपवाद जवळजवळ नाहीतच, त्यामुळे हे गुण कधीच जाता कामा नयेत.

फसगत होते ती 'टू'पाशी, कारण 'टू' दोन प्रकारचा आहे. एक इन्फिनिटिव्हची खूण, दुसरा प्रेपोझिशन. ओळखायला 'टू'पुढे 'इट' ठेवून बघा. 'आय लुक फॉरवर्ड टू इट' जमतं, म्हणजे तो प्रेपोझिशन, म्हणून 'लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू'. 'आय वॉन्ट टू इट' जमत नाही, म्हणून 'वॉन्ट टू मीट'. पत्राच्या शेवटी 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' लिहिलेलं सर्रास दिसतं, ते चूकच आहे.

हीच कसोटी 'युज्ड टू'ला लावा. 'आय युज्ड टू गेट अप अर्ली' म्हणजे पूर्वी लवकर उठत असे. 'आय अॅम युज्ड टू गेटिंग अप अर्ली' म्हणजे लवकर उठायची सवय आहे. दुसऱ्यात 'अॅम युज्ड टू इट' म्हणता येतं, पहिल्यात नाही.

उत्तर २

मागे क्रियापद असेल तर साधारण कल असा: पुढे व्हायच्या गोष्टीला 'टू' (वॉन्ट, होप, डिसाइड, प्लॅन, प्रॉमिस, अॅग्री, रिफ्यूज), आणि झालेल्या किंवा चालू असलेल्या गोष्टीला आयएनजी (एन्जॉय, फिनिश, अॅडमिट, डिनाय, मिस). पण हा कल आहे, नियम नव्हे. 'सजेस्ट', 'कन्सिडर', 'पोस्टपोन', 'अव्हॉइड' हे पुढच्याच गोष्टींबद्दल असूनही आयएनजी घेतात, आणि 'मॅनेज' झालेल्या कामाबद्दल असूनही 'टू' घेतं. असे अपवाद वेगळे पाठ करावेच लागतात, त्यातून सुटका नाही.

'लाइक', 'लव्ह', 'हेट', 'स्टार्ट', 'बिगिन' यांना दोन्ही चालतं. मात्र 'वुड लाइक' आलं की फक्त 'टू'. आणि 'स्टार्टिंग' झालं की पुढे दुसरा आयएनजी नको: 'इट इज स्टार्टिंग टू रेन'.

उत्तर ३

दोन्ही चालतात पण अर्थ बदलतो, अशा क्रियापदांवर सगळ्यात जास्त प्रश्न येतात. इथे मराठीच मदतीला येते, फक्त वाक्य नीट मराठीत म्हणून बघायचं.

तो बोलायला थांबला: 'ही स्टॉप्ड टू टॉक'. तो बोलायचा थांबला: 'ही स्टॉप्ड टॉकिंग'.
कुलूप लावायला विसरलो: 'आय फरगॉट टू लॉक द डोअर'. कुलूप लावल्याचं आठवतंय: 'आय रिमेंबर लॉकिंग द डोअर'.
कळवायला खेद वाटतो: 'आय रिग्रेट टू इन्फॉर्म यू'. सांगितल्याचा पश्चात्ताप होतो: 'आय रिग्रेट टेलिंग हिम'.
उघडायचा प्रयत्न केला, पण उघडेना: 'आय ट्राइड टू ओपन इट'. रीस्टार्ट करून बघ: 'ट्राय रीस्टार्टिंग इट'.
ती शिकवत राहिली: 'शी वेंट ऑन टीचिंग'. पुढे ती शिकवू लागली: 'शी वेंट ऑन टू टीच'.

म्हणजे 'ल्याचं', 'ल्याचा' किंवा 'करून बघ' आलं की आयएनजी. पण ही युक्ती याच गटापुरती ठेवा. 'पोहायला आवडतं', 'खिडकी उघडायला हरकत नाही ना' यांतही 'यला' आहे, तरी इंग्रजीत 'एन्जॉय स्विमिंग' आणि 'डू यू माइंड ओपनिंग द विंडो' असंच होतं. बहुतेक चुका इथूनच येतात.

प्रश्नकर्ता

फार उपयोगी, आभार. 'ही मेड मी टू वेट' आणि 'ही सजेस्टेड मी टू गो' ही दोन्ही उत्तरं चूक का ठरतात?

उत्तर १

'मेक' आणि 'लेट' यांच्यानंतर माणूस आला की 'टू' गळतो: 'ही मेड मी वेट', 'लेट हर स्पीक'. पण 'मेक'चं पॅसिव्ह केलं की 'टू' परत येतो: 'आय वॉज मेड टू वेट'. 'हेल्प'ला दोन्ही चालतं.

'सजेस्ट'नंतर माणूस थेट ठेवताच येत नाही. 'ही सजेस्टेड गोइंग' किंवा 'ही सजेस्टेड दॅट आय गो'. माणूस हवाच असेल तर 'अॅडव्हाइज' घ्या: 'ही अॅडव्हाइज्ड मी टू गो'. 'अलाव'चंही तसंच: माणूस असेल तर 'दे डोन्ट अलाव अस टू पार्क हिअर', नसेल तर 'दे डोन्ट अलाव पार्किंग हिअर'.

उत्तर २

एक भर. 'साठी' दिसला की लोक 'फॉर' लिहितात: 'आय केम हिअर फॉर लर्निंग इंग्लिश'. येण्याचा हेतू सांगताना 'टू लर्न' हवं. वस्तू कशासाठी वापरतात हे सांगताना मात्र 'फॉर' आणि आयएनजी बरोबर: 'अ नाइफ फॉर कटिंग पेपर'.

आणि कर्ता वस्तू असेल तर 'नीड'पुढचा आयएनजी कर्मणी अर्थ देतो. 'द शर्ट नीड्स वॉशिंग' म्हणजे 'नीड्स टू बी वॉश्ड'. तिथे 'द शर्ट नीड्स टू वॉश' लिहिलं तर शर्टच धुवायला बसेल.